होमस्टेचं सांडपाणी आणि देवनळाचा वाफा

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर-दापोली पट्ट्यातली किनाऱ्याजवळची वाडी. घर आणि त्याला लागून चार खोल्यांचं होमस्टे, भरगच्च दिवशी वीसेक माणसं. सेप्टिक टाकीचं वरचं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातं आणि पऱ्या पुढे खाडीला मिळतो. विहीर उताराला खाली आहे, पावसाळ्यात तिच्या पाण्याला वास येतो. एकाने यंत्राचा प्रकल्प बसवायला सांगितलं, दुसऱ्याने "कर्दळी लावा, पाणी आपोआप साफ होतं" म्हणून सल्ला दिला. पाणथळ वाफ्याने, म्हणजे खडी भरून त्यात देवनळासारखं उंच नळगवत लावलेल्या आणि आतून सांडपाणी सोडलेल्या वाफ्याने, पाणी खरंच साफ होतं का, आणि त्यातून पर्यावरणाचा नेमका काय फायदा?

साफ होतं. मात्र ते काम कर्दळ करत नाही. वाफ्यातली वनस्पती नत्र आणि स्फुरद शोषते खरी, पण सांडपाण्यातून येणाऱ्या एकूण नत्र-स्फुरदाच्या मानाने हा वाटा लहान, बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतबाहेर. खरं काम खडीवर जमणाऱ्या बुळबुळीत थरातले जिवाणू करतात. पाणी खडीतून चार दिवस रांगत जातं. तेवढ्यात गाळ अडकतो, सेंद्रिय घाण जिवाणू खातात, रोगजंतू चिकटतात, उपाशी मरतात किंवा दुसऱ्या सूक्ष्मजीवांच्या पोटात जातात. नत्राचा प्रवास जरा निराळा आहे. मुळांभोवती थोडा प्राणवायू झिरपतो, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. दोन बोटं पलीकडे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन हवेत परत जातो. मुळांचा उपयोग हा: खडीत वाटा मोकळ्या ठेवणं, जिवाणूंना राहायला जागा देणं आणि प्राणवायूचे छोटे छोटे कप्पे तयार करणं.

आता फायदा आकड्यांत बघू. माणशी रोज साधारण ४५ ग्रॅम बीओडी धरतात, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाईल तेवढा. वीस माणसांचे झाले ९०० ग्रॅम. सांडपाणी माणशी १०० लिटर धरलं तर रोज २,००० लिटर. नीट चालणारी सेप्टिक टाकी यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भार कमी करते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला २८० मिलिग्रॅमच्या आसपास बीओडी राहतो, म्हणजे दिवसाला ५६० ग्रॅम. कोकणातल्या उकाड्यात स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे तुमचं एका दिवसाचं पाणी पऱ्यातल्या ७० हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकतं. जुलैत पऱ्या धो धो वाहतो, तेव्हा हे जाणवत नाही. एप्रिल-मेमध्ये पऱ्याची नुसती डबकी उरतात आणि नेमका तेव्हाच होमस्टे भरलेला असतो. डबकी काळी पडतात, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो, मासे पोट वर करून तरंगतात. त्याचं कारण हे. वाफ्यातून बीओडी ३० पर्यंत उतरला तर हाच आकडा साडेसात हजार लिटरवर येतो.

दुसरा फायदा खाडीतल्या खाण्याच्या वस्तूंचा. तिसऱ्या, मुळे आणि कालवं हे शिंपल्यांतले जीव दिवसभर पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले जंतू अंगात साठवतात. पऱ्याच्या मुखाशी तिसऱ्या काढणाऱ्या बायका ज्या चिखलात उभ्या असतात, तोच चिखल तुमच्या पाण्याचा शेवटचा मुक्काम. तिसरा फायदा विजेचा. यंत्राच्या प्रकल्पात हवा फुंकणारा पंखा सतत चालावा लागतो. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही. पंखा तेवढा वेळ बंद राहिला की टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि पुढचे कित्येक दिवस नुसतं घाण पाणी बाहेर पडतं. उतार मिळाला तर वाफ्याला वीज लागतच नाही.

"वाफा कार्बन शोषतो" अशी पाटी मात्र होमस्टेच्या फाटकावर लावू नका. सेप्टिक टाकी आणि आडव्या प्रवाहाचा वाफा दोन्हींतून थोडा मिथेन निघतो. पऱ्यात कुजणाऱ्या घाणीतूनही तो निघतोच, त्यामुळे वाफा तोट्याचा ठरत नाही. पण हवामान बदलाचा तोडगा म्हणून तो विकू नये. तसंच चाळीस चौरस मीटर देवनळाला पक्षी अभयारण्यही म्हणू नये. चतुर, बेडूक, एखादी पाणकोंबडी आली तर छान.

मापं

वीस माणसांसाठी आडव्या प्रवाहाचा वाफा साडेचार मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब घ्या, म्हणजे चाळीस चौरस मीटर. हा आकडा असा येतो: रोजचे दोन घनमीटर, गुणिले २८० भागिले ३० चा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे २.२३, भागिले उष्ण हवेतला नेहमीचा गुणांक ०.१५. उत्तर तीस चौरस मीटर येतं. सुट्टीच्या गर्दीसाठी त्यावर तिसरा हिस्सा चढवला. रुंदी वेगळी तपासावी लागते. पाणी ज्या उभ्या तोंडातून आत शिरतं, त्याच्या दर चौरस मीटरवर रोज २५० ग्रॅमपेक्षा जास्त बीओडी पडला की तोंड तुंबतं. ५६० भागिले २५० म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, पाण्याची खोली अर्धा मीटर, म्हणून रुंदी साडेचार. लांबलचक अरुंद चर दिसायला ऐटदार असतो, पण पहिला तुंबतो तोच. जागा असेल तर मधोमध भिंत घालून सव्वादोन मीटरचे दोन वाफे करा. एक दुरुस्तीला काढला तर दुसरा चालतो.

खडीची जाडी ६० सेंटीमीटर, पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापासून ५ ते १० सेंटीमीटर खाली. वर पाणी दिसता कामा नये. दिसलं की डास आलेच. तळाला शंभराला एक उतार, म्हणजे नऊ मीटरला नऊ सेंटीमीटर, पण खडीचा वरचा थर मात्र पाण्याच्या नळीने तपासून अगदी सपाट. मधल्या भागात १० ते २० मिलिमीटरची खडी, दोन्ही टोकांना अर्धा मीटर पट्ट्यात ४० ते ८० मिलिमीटरचे दगड. एकूण माल चोवीस घनमीटर, म्हणजे साडेआठ-नऊ ब्रास. खडी काळ्या दगडाचीच हवी. जांभा स्वस्त आणि हाताशी असला तरी मऊ जांभा पाण्यात झिजतो आणि त्याच्या मातीने पोकळ्या बुजतात. क्रशरवरून आलेली खडी न धुता टाकली तर तिच्यातली भुकटी तळाशी बसते आणि वाफा पहिल्याच वर्षी आजारी पडतो. टेम्पो उतरवतानाच पाइप लावून धुवून घ्या, खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत.

जांभ्याचा एक चांगला उपयोग आहे. त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, आणि साध्या खडीच्या वाफ्याची दुखरी बाजू स्फुरदच आहे. म्हणून वाफ्यानंतर एका छोट्या हौदात टणक जांभ्याचे मूठभर आकाराचे तुकडे भरून त्यातून पाणी काढा. झिजले की बदला. वाफ्यातली खडी उपसण्यापेक्षा ते सोपं.

तळाचं अस्तर टाळू नका. जांभ्याच्या थरात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्यांतून पाणी न गाळता सरळ विहिरीत उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब ठेवावा असं मानक सांगतं, पण भेगाळ जांभ्यात त्या अंतराचा भरवसा नाही, आणि तुमची विहीर तर खालच्या अंगाला आहे. विहिरीच्या पाण्याची नायट्रेट आणि जंतूंसाठी तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. तो वाढलेला निघाला तर तान्ह्या मुलांना ते पाणी देऊच नका. अस्तराला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद चालतो. खाली पाच सेंटीमीटर वाळू, वर जुनी गोणपाटं, मग खडी. चिऱ्याच्या कडेवर कागद घासला की फाटतो, म्हणून कडेला गिलावा गुळगुळीत हवा. खडी टाकण्याआधी पाणी भरून दोन दिवस खूण बघा. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खड्डा खणला तर पावसात भूजल वर येऊन रिकामा कागद फुग्यासारखा उचलतं. अशा ठिकाणी जमिनीवर चिऱ्याच्या भिंतीचा वाफा बांधणं बरं. मातीचा बांध घातला तर खेकडे आणि घुशी तो पोखरतात.

बाहेर जाणाऱ्या टोकाची कुंडी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. वाफ्याच्या तळातून छिद्रं पाडलेला चार इंची पाइप कुंडीत येतो. त्याच्या तोंडाला रबर रिंगचा एल्बो आणि अर्धा मीटर उभा तुकडा बसवायचा, सोल्युशन न लावता. हा तुकडा हाताने डावी-उजवीकडे कलवला की वाफ्यातली पातळी खाली-वर होते. गवंडी सवयीने सोल्युशन लावून तो कायमचा चिकटवतो. तेव्हा पुढे उभे राहून लावू देऊ नका, कारण वाफ्याची लगाम एवढीच आहे.

आधीची टाकी

वाफे बिघडतात ते बहुतेक आधीच्या टाकीमुळे. वीस माणसांना निदान सहा घनमीटरची, दोन-तीन कप्प्यांची सेप्टिक टाकी हवी, प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी टी आकाराचा पाइप. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवा. टाकी गाळाने भरली की काळा गाळ पाण्याबरोबर वाफ्यात शिरतो आणि पहिला मीटर बुजवतो. स्वयंपाकघराचं पाणी वेगळं घ्या. मासळी धुतलेल्या पाण्यातले खवले, वाटपाचं खोबरेल, नारळाचा चोथा आणि पेजेचं पाणी यांसाठी दोनशे-तीनशे लिटरची तेल अडवणारी छोटी टाकी मोरीजवळच ठेवा. जाळी रोज, तवंग आठवड्याला काढायचा आणि खतखड्ड्यात पुरायचा. पेजेचं पाणी गुरांना घातलं तर सगळ्यात उत्तम, पिष्टाने बीओडी अफाट चढतो. संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग भसाभसा ओतणारा सफाईवाला ठेवला असेल तर जिवाणू टिकणार नाहीत.

पाऊस

बाहेरच्या पुस्तकांतली मापं कोकणात तशीच लागू होत नाहीत ती यामुळे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. एका दिवसात २५० मिलिमीटर पडला तर चाळीस मीटरच्या वाफ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं, तुमच्या रोजच्या सांडपाण्याच्या पाचपट. चार दिवसांचा मुक्काम काही तासांवर येतो. पण पाणी तितकंच विरळही होतं आणि पऱ्याही फुगलेला असतो, म्हणून एवढं खपवून घेता येतं. खपत नाही ते छपराचं पाणी. दीडशे मीटर कौलांवरून त्याच दिवशी साडेसदतीस हजार लिटर पाणी उतरतं. पागोळ्यांचं पाणी, अंगणाचा लोंढा आणि वरच्या सड्यावरून येणारा ओघ यांचा एक थेंबही सेप्टिक टाकीत किंवा वाफ्यात जाता कामा नये. टाकीत शिरला तर तळचा गाळ ढवळून वाफ्यात नेतो, आणि एका रात्रीत दोन वर्षांचं नुकसान होतं. वाफ्याची भिंत खडीच्या वर वीस सेंटीमीटर ठेवा, वरच्या अंगाला चर खणा आणि जादा पाण्याला बाहेर पडायला एक ठरावीक तोंड ठेवा.

गणपतीचं गणितही इथेच करा. पाच माणसांच्या घरात चाकरमानी आले की पंचवीस-तीस माणसं दहा दिवस राहतात, आणि तेही पावसात. जिवाणूंना भूक वाढवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून तेल अडवणारी टाकी गणपतीच्या आधी साफ करा आणि आंघोळीचं पाणी तेवढे दिवस परसात वळवा.

झाडं

देवनळ पहिला, कारण त्याची मुळं साठ सेंटीमीटरपर्यंत उतरतात आणि थोडं खारट पाणीही तो सोसतो. पाणकणीस झपाट्याने वाढतं, पण मुळं फुटभरच जातात. कर्दळ, वेखंड कडेला शोभेसाठी लावा. अळूही जोमाने वाढेल, पण त्याची पानं फदफद्यात घालायची नाहीत, आणि हे घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. जलपर्णी आणू नका, ती पऱ्यातून खाडीच्या गोड्या भागात पसरली की काढता काढता गाव थकतं. माडापासून वाफा निदान तीन-चार मीटर दूर ठेवा. माडाची मुळं पाण्याच्या वासाने येतात आणि अस्तर भेदतात.

बांधकाम मेपर्यंत उरका आणि पहिला पाऊस स्थिरावला की चौरस मीटरला चार असे दीडशे-एकशेसाठ कंद लावा. पहिले तीन-चार आठवडे पातळी खडीच्या वरच्या थरापर्यंत ठेवा आणि सांडपाणी निम्मंच सोडा. मग एल्बो कलवून दर पंधरा दिवसांनी पातळी थोडी थोडी उतरवा. पाणी शोधत मुळं खाली जातात. पातळी कायम वर ठेवली तर ती वरच पसरतात आणि खालचा निम्मा वाफा नुसता दगडांचा ढीग राहतो. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, फूटभर ठेवून कापणी करा आणि कापलेलं बाहेर काढून माडाच्या आळ्यात आच्छादन करा. वाफ्यातच कुजू दिलं तर शोषलेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात येतं.

काय बिघडतं ते कसं ओळखायचं? आत येणाऱ्या टोकाला खडीवर पाणी साचलं तर पहिला मीटर तुंबला आहे: खडी काढून धुवून परत भरा, आणि टाकीचा गाळ उपसा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. सगळीकडे पाणी वर आलं तर आधी एल्बो बघा, बहुधा पोरांनी फिरवलेला असतो. बाहेरच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे भार जास्त आहे. पण विहिरीला खारं पाणी लागत असेल तर वास थोडा राहीलच, कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि प्राणवायू नसलेल्या जागी त्याचाच हा वायू होतो. पानं पिवळी पडून एकाच पट्ट्यात वाळली तर पाणी आडवाटेने एकाच बाजूने जातंय, आत येणारा छिद्रांचा पाइप सपाट आहे का ते तपासा.

बाहेर पडलेलं पाणी

ते दिसायला स्वच्छ असतं, पण पिण्याचं नसतं. चांगला वाफा बीओडी आणि गाळ ऐंशी-नव्वद टक्के काढतो, एकूण नत्र तीस ते पन्नास टक्के, जंतू नव्वद ते नव्व्याण्णव टक्के. नव्व्याण्णव ऐकायला भारी वाटतं, पण शंभर मिलिलिटरमध्ये दहा लाख जंतू असतील तर दहा हजार उरतात. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत शुद्धीकरण प्रकल्पांसाठी ही मर्यादा एक हजाराची आहे. म्हणून हे पाणी पऱ्यात सोडण्यापेक्षा पाइपने माडा-पोफळीच्या आळ्यात, पाल्याखाली सोडा. कच्च्या खायच्या भाज्यांना नाही, फवारून तर अजिबात नाही. उन्हाळ्यात वाफ्यातून दोनशे-चारशे लिटर हवेत उडून जातं. उरलेल्या सोळाशे लिटरवर, माडाला रोज ४५-५० लिटर धरले तर तीस-पस्तीस माड मे महिना काढतात. शिवाय त्यात दिवसाला शंभरेक ग्रॅम नत्र असतं, वर्षाचं छत्तीस किलो. मोठ्या माडाला वर्षाला साधारण किलोभर नत्र लागतं. होमस्टे रोज भरलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे निम्म्यावर येईल, पण युरियाचं पोतं कमी करण्याइतकं आहे. हेच नत्र खाडीत गेलं तर शेवाळ पोसतं. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी शुद्ध, असं जे म्हणतात ते इथेच चुकतं: ती पाखरं जे सूक्ष्म शेवाळ खातात, ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर वाढतं.

एक शंका अशी असते की खाडीकाठी कांदळवन आहेच, मग थेट तिथेच पाणी का सोडू नये. कांदळवन थोडं नत्र जिरवतं हे खरं, पण कच्च्या मैल्याने चिखलातला उरलासुरला प्राणवायू संपतो आणि तिवरांची श्वसनमुळं गाळाने माखतात. कायद्यानेही ते बसत नाही. कांदळवनं किनारा नियमन क्षेत्रात येतात आणि तिथे कच्चं सांडपाणी सोडायला बंदी आहे. अधिसूचित पाणथळींसाठी २०१७ चे पाणथळ नियम हीच मनाई करतात. पूर्व कोलकात्याची साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ, जिला २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला, शहराचं सांडपाणी जिरवते. पण तिथे मच्छीमारांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली उथळ तळी आणि चर आहेत, जंगली खाडी नव्हे. तुमचा वाफाही किनारा नियमन क्षेत्रात येत असेल तर बांधण्याआधी परवानगी विचारून घ्या.

गावपातळीवर हेच तंत्र चालतं. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) याच धर्तीवर 'फायटोरीड' पद्धत विकसित केली आहे. अडचण जागेची: माणशी दोन चौरस मीटर धरले तर हजार वस्तीला वीस गुंठे सपाट जमीन, तीही वस्तीच्या खालच्या अंगाला, आणि कोकणात ती बहुधा भातशेतीची किंवा सामायिक निघते. संडासाचं सोडून फक्त मोरीचं पाणी घेतलं तर निम्म्यात भागतं.

वरचे सगळे आकडे दोन हजार लिटरवर उभे आहेत. तुमचा आकडा वेगळा असू शकतो. खड्डा खणण्याआधी पंधरा दिवस वरच्या टाकीला खूण करून रोज किती लिटर पाणी चढवलं ते वहीत लिहा, शनिवार-रविवारसकट. त्यातून बागेला दिलेलं वजा करा, उरलेल्याचे ऐंशी टक्के धरा, आणि मग मापं नव्याने काढा.